मँडोलिन बदलायचं की पिकअप? बँडमध्ये वाजवणाऱ्या नवोदितांसाठी

घरात गोड वाजणारं मँडोलिन गणेशोत्सवाच्या मंचावर ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि बेस गिटारच्या मधे गेलं की दोनांपैकी एक होतं. एक तर ते ऐकूच येत नाही, नाहीतर पत्र्याच्या डब्यावर काडी मारल्यासारखं ऐकू येतं. साउंडवाल्याने आवाज वाढवला की शिट्टी सुरू. मग मनात पहिला विचार येतो तो हाच, की वाद्य हलकं आहे, आता चांगलं भारीतलं घेऊ.

थांबा. खोलीत छान वाजणाऱ्या मँडोलिनच्या आणि मोठ्या आवाजाच्या मंचावर छान वाजणाऱ्या मँडोलिनच्या गरजा एकमेकींच्या उलट असतात. भरीव लाकडाची, पातळ कोरलेली वरची फळी हलक्या स्पर्शालाही बोलते, म्हणून महाग वाद्याचा सूर खोलीत भरून राहतो. पण तीच फळी समोरच्या मॉनिटरच्या (वाजवणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरच्या) आवाजानेही थरथरते, ते थरथरणं पिकअप (वाद्याच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) पुन्हा स्पीकरकडे पाठवतो आणि फीडबॅकचं चक्र सुरू होतं. प्लायची जाड फळी खोलीत मुकी वाटते, मंचावर मात्र बऱ्याचदा तीच शांत राहते. म्हणून दुकानात बसून कानाला गोड लागलेलं वाद्य बँडसाठी योग्य ठरेलच असं नाही. दोष नक्की कुठे आहे हे आधी शोधायचं, पैसे त्यानंतर. इंदुरात राहून ही सगळी तपासणी दोन संध्याकाळी आणि एका तालमीत पुरी होते.

१. आधी हे जमवा

- मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी
- उठावाची अक्षरं नसलेली दोन एटीएम कार्डं (एक कार्ड ०.७६ मिमी जाड, म्हणजे दोन मिळून साधारण १.५ मिमी)
- छपाईचा साधा ए-४ कागद (सुमारे ०.१ मिमी जाड)
- क्लिपचा ट्यूनर, पेन्सिल, मास्किंग टेप, फेल्टची किंवा मऊ चामड्याची पट्टी
- तारांचा नवा संच. नेहमीचा मध्यम संच ११-१५-२६-४० (इंचाचे हजारावे भाग), हलका १०-१४-२४-३८
- मोबाइल, आणि एका दिवसापुरता कुणाचा तरी ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड करायला घेणारं यंत्र)
- वाद्याचं बिल, अनुक्रमांकाचा फोटो आणि एक वही

वहीत तारांचा गेज (जाडी), तारांची उंची आणि तारीख लिहून ठेवा. इंदूरची हवा एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत असते आणि जुलैत दमट. उन्हाळ्यात फळी बसते, तारा खाली येतात आणि झणझण सुरू होते. पावसाळ्यात फळी फुगते आणि तारा बोटांना टोचेपर्यंत वर जातात. मे महिन्यात ‘खराब’ ठरवलेलं वाद्य सप्टेंबरात ठीक वाजतं, ते याच कारणाने. नोंद असेल तर हे कळतं, नसेल तर माणूस नवं वाद्य घेऊन मोकळा होतो.

२. सेटअप

जुन्या तारांवर कसलीही परीक्षा घेऊ नका. नवा संच लावा, पण एकेक तार बदला. मँडोलिनचा ब्रिज (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी घोडी) चिकटवलेला नसतो, तो तारांच्या दाबाने जागेवर उभा असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या तर तो सरकतो. काम सुरू करण्याआधी त्याच्या पायांच्या कडेने मास्किंग टेप लावून त्यावर पेन्सिलीने खूण करा. फक्त गिटारची कामं करणाऱ्या कारागिराकडे वाद्य देत असाल तर ‘ब्रिज चिकटवायचा नाही’ हे तोंडी सांगा आणि चिठ्ठीवर लिहूनही द्या. चिकटवलेला ब्रिज सोडवताना फळीचा पॉलिश निघतो, कधीकधी फळीही.

मग क्रमाने:

*तारांची उंची.* बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये दोन कार्डं एकत्र सरकवून पाहा. बारीक तारांखाली (पांढरी तीन, म्हणजे E) ती जेमतेम मावली पाहिजेत. जाड तारांखाली (पांढरी पाच, म्हणजे G) थोडी मोकळीक, २ मिमीपर्यंत, चालते. याहून जास्त असेल तर ब्रिजच्या चकत्या खाली करा. वर करायच्या असतील तर आधी तारा सैल करा. ताणावर चकत्या फिरवल्या की आटे झिजतात.

*मानेचा बाक.* एक तार पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या फ्रेटवर कागदाच्या जाडीइतकी फट दिसावी. ट्रस रॉड (मानेच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) असेल तर एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. बऱ्याच स्वस्त वाद्यांत तो नसतोच, आणि मान वाकलेली असेल तर अशा वाद्यावर पुढे खर्च करण्यात अर्थ नाही.

*नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी).* दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट उरावी. नटची खाच उंच असेल तर पहिल्या तीन फ्रेटवरचे सूर चढे लागतात. त्या चढेपणाचा दोष बहुतेक वेळा वाजवणाऱ्यावर येतो.

*ब्रिजची जागा.* बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून येणारा सूर आणि तिथेच दाबून येणारा सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिज तारांच्या बुंध्याकडे सरकवा, उतरा असेल तर नटकडे. अर्ध्या मिलिमीटरनेही फरक पडतो.

*ब्रिजच्या मागच्या तारा.* ब्रिज आणि शेपटीच्या पत्र्यामधला तारांचा तुकडा आपला वेगळा सूर काढत राहतो. खोलीत कळत नाही. पिकअप लावला की हाच तुकडा चांदीच्या घुंगरासारखा सगळ्या गाण्यात वाजतो आणि लोक त्याला ‘पिकअप खराब’ म्हणतात. तिथे फेल्टची पट्टी तारांमधून विणून घाला. खर्च शून्य, आणि सुधारणा इतकी की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही.

३. तीन रेकॉर्डिंग करा

सगळा निर्णय या पायरीवर उभा आहे. एकच मुखडा, तोच पिक, तितक्याच जोराने तीनदा वाजवा.

पहिलं: वायर न लावता, मोबाइल एक मीटरवर ठेवून.
दुसरं: पिकअपमधून थेट ऑडिओ इंटरफेसच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुटमध्ये, कसलाही इफेक्ट न लावता.
तिसरं: तालमीत, सगळी वाद्यं चालू असताना आणि कार्यक्रमात असतो तेवढ्याच आवाजात, खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोबाइल ठेवून.

दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी ऐका. पहिलंच बेसूर किंवा बोथट असेल तर दोष वाद्यात किंवा सेटअपमध्ये. पहिलं चांगलं आणि दुसरं वाईट असेल तर पिकअप किंवा त्याच्या पुढचं यंत्र. पहिली दोन्ही चांगली असून तिसऱ्यात मँडोलिन हरवत असेल तर भारी वाद्य आणूनही ते हरवेलच. तेव्हा कीबोर्डवाल्याशी बोलावं लागेल. त्याच सप्तकात तो सतत स्ट्रिंग्ज धरून बसला असेल, किंवा अकूस्टिक गिटारही तोच ठेका धरत असेल, तर चार जोडतारांना जागाच उरत नाही.

४. पिकअप आणि त्याच्या पुढचं इनपुट

‘पत्र्यासारखा आवाज’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे सापडतं, म्हणून थोडं सविस्तर.

अकूस्टिक मँडोलिनमध्ये बहुधा पिझो पिकअप (दाब पडला की वीज तयार करणारा स्फटिक) असतो. हा स्फटिक विजेच्या दृष्टीने कॅपॅसिटरसारखा वागतो. तो ज्या इनपुटला जोडाल त्याचा इम्पिडन्स (सिग्नलच्या प्रवाहाला होणारा अडथळा) कमी असेल तर खालचे सूर गळून जातात. १ नॅनोफॅरडचा पिझो मिक्सरच्या १० किलोओहमच्या लाइन इनपुटला लावला तर सुमारे १६,००० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं, म्हणजे सुराऐवजी नुसती खरखर उरते. १ मेगाओहमच्या इनपुटला ही हद्द १६० हर्ट्झवर येते, १० मेगाओहमला १६ हर्ट्झवर. मँडोलिनचा सर्वांत खालचा सूर १९६ हर्ट्झचा. म्हणून किमान १ मेगाओहम, मिळालं तर १० मेगाओहम. यंत्राच्या माहितीपत्रकात ‘इनपुट इम्पिडन्स’ या ओळीत हा आकडा दिलेला असतो. विकत घेण्याआधी तीच एक ओळ वाचली तरी पुष्कळ.

आता सापळे. साउंडवाल्याकडच्या साध्या, ट्रान्सफॉर्मरवाल्या पॅसिव्ह डीआय बॉक्सचा (वाद्याचा सिग्नल मिक्सरच्या माइक इनपुटला जुळवून देणाऱ्या डबीचा) इम्पिडन्स साधारण १४० किलोओहम असतो. बेस गिटारला किंवा कीबोर्डला तो उत्तम, प्रीअँप (पिकअपचा कमजोर सिग्नल वाढवणारं यंत्र) नसलेल्या पिझोला अपुरा. अशा वेळी अॅक्टिव्ह डीआय मागा. तो मिक्सरच्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर (माइकच्या वायरमधूनच येणाऱ्या विजेवर) चालतो. तो मिळणार नसेल तर बफर (पिकअपवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट) असलेलं एखादं ट्यूनर पेडल मध्ये लावा. अशा पेडलचं इनपुट सहसा १ मेगाओहमचं असतं, आणि तेवढ्यानेही आवाज भरतो. ‘ट्रू बायपास’ पेडल मात्र इथे उपयोगाचं नाही, कारण बंद असताना ते सिग्नल तसाच पुढे सोडतं. फँटम चालू असलेल्या माइक इनपुटमध्ये जोडणी बदलणारा अडॅप्टर लावून मँडोलिन थेट घालू नका.

पिकअप आणि पहिलं यंत्र यांच्यामधली वायर तीन मीटरपर्यंतच ठेवा. पिझोला लांब वायर लावली की आवाजाची पातळी उतरते, आणि वायर पायाखाली आली की ‘ठप्’ ऐकू येतं.

जागा शोधल्याशिवाय पिकअप चिकटवू नका. जेल रोड, महाराणी रोडकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत २७ मिमीची पिझो चकती अगदी थोड्या पैशांत मिळते. तिला शील्ड असलेली वायर जोडा आणि टेपने फळीवर ब्रिजच्या बारीक तारांकडच्या पायाजवळ लावा, मग दोन सेंमी मागे, मग जाड तारांच्या बाजूला. प्रत्येक जागी दहा-दहा सेकंद रेकॉर्ड करा. आवाजातला फरक पाहून तुम्हाला आश्चर्य वाटेल. चांगली जागा सापडली की खुणेवर चांगला पिकअप बसवा. फळीवरचा पिकअप लाकडाचा आवाज देतो पण लवकर घुमतो. ब्रिजमध्येच बसवलेला पिकअप आवाजाने थोडा कडक, पण जोरदार बँडमध्ये जास्त टिकतो.

जॅकसाठी वाद्याला भोक पाडण्याची घाई नको. व्हायोलिनच्या हनुवटीच्या आधारासारखा कडेला आवळून बसणारा क्लॅम्प-जॅक मिळतो. वाद्य पुढे विकायचं झालं तर भोक नसल्याचा फायदा होतो.

५. शिट्टी आणि घुमणं

क्रमाने करा, एका वेळी एकच बदल.

मिक्सरवर लो-कट (ठरावीक हद्दीखालचा आवाज कापणारं बटण) १२० हर्ट्झवर ठेवा. त्याखाली मँडोलिनचा एकही सूर नाही, तिथे फक्त मंचाचा धडधडाट आणि बासाचा गोंगाट आहे.

एफ-होलमध्ये (वरच्या फळीवरच्या f आकाराच्या भोकात) मऊ फोमचा तुकडा हलका बसवा. पोकळीचा घुमारा उतरतो. खोलीत आवाज बारीक वाटेल, पण स्पीकरवर त्याने काही बिघडत नाही.

घुमणारा सूर ओळखायला मोबाइलवरचा ट्यूनर वापरा. आवाज हळूहळू वाढवा, घुमायला लागेल तिथे ट्यूनर कोणता सूर दाखवतो ते पाहा. खालच्या सप्तकातली पांढरी सहा (A) दिसली तर २२० हर्ट्झवर अरुंद पट्टीने ६ डेसिबल कमी करा, पांढरी सात (B) दिसली तर २४७ वर. प्रीअँपवर ‘नॉच’ (एकच घुमणारा सूर कापणारं) आणि ‘फेज’ (सिग्नल उलटवणारं) अशी बटणं असतील तर आधी फेज उलटा करून पाहा, नुसत्या तेवढ्यानेही घुमणं बऱ्याचदा थांबतं. बासचं बटण वाढवून आवाजाला भरीवपणा आणायचा मोह टाळा. पिझो टोचत असेल तर २,००० ते ३,००० हर्ट्झमध्ये थोडं कमी करा.

माइक लावणार असाल तर तो एफ-होलच्या थेट समोर नको, तिथे सगळ्यात जास्त बदबद असते. मान जिथे खोडाला मिळते त्या बाजूला १० ते १५ सेंमीवर धरा. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक असेल तर मॉनिटर त्याच्या थेट मागे ठेवा, सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद भागातला आवाज घेणारा) असेल तर मागे थोडा तिरका. तबला, पेटी, बासरी यांच्या संगतीने सुगम संगीत वाजवणाऱ्यांना क्लिपचा चांगला कंडेन्सर माइक पिकअपपेक्षा किती तरी खरा आवाज देतो. ड्रमसेट शेजारी असेल तर मात्र त्याच माइकमधून मँडोलिनपेक्षा झांजाच जास्त जातील.

६. आता ठरवा

*वाद्य तेच ठेवा*, जर मान सरळ असेल, फ्रेट सुरात असतील आणि तुमच्या संगतीला तबला, ढोलकी, गिटार एवढंच असेल. पैसे सेटअप, पिकअप आणि प्रीअँप या क्रमाने घाला.

*अकूस्टिकच पण दुसरं घ्या*, जर मान वाकलेली असेल, वरची फळी ब्रिजखाली खचलेली असेल किंवा खुंट्या सूर धरत नसतील. इथे एफ-स्टाइलच्या वळणदार शिंगासाठी जादा पैसे मोजण्याचं कारण नाही. तेवढ्याच पैशांत साध्या ए-स्टाइलमध्ये लाकूड आणि काम दोन्ही सरस मिळतं, आणि स्पीकरमधून शिंग ऐकू येत नाही.

*सॉलिड बॉडीचं इलेक्ट्रिक घ्या*, जर ड्रमसेट, इलेक्ट्रिक गिटार आणि मोठे मॉनिटर नेहमीचेच असतील. पोकळी नाही, त्यामुळे घुमणं जवळजवळ संपतं. याला मॅग्नेटिक पिकअप असतो, म्हणून फॉस्फर ब्राँझच्या तारा लावू नका. ब्राँझचं वेष्टण चुंबकाला प्रतिसाद देत नाही, त्यामुळे जाड दोन जोड्या दबतात आणि बारीक स्टीलच्या तारा ओरडतात. निकेलच्या तारा लावा.

जोडतारा की एकेरी, हाही प्रश्न याच टप्प्यावर सोडवा. आपल्या माळव्यातल्या सीतामऊला जन्मलेले सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) यांनी मँडोलिनवर हिंदुस्थानी रागसंगीत वाजवून या वाद्याची ताकद दाखवली. दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी गमकांनी भरलेल्या कर्नाटक संगीतासाठी पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन निवडलं. दोन तारा एकत्र ओढताना दोन्ही सारख्याच चढतील याची खात्री नसते, आणि स्पीकरवर तो फरक मोठा होऊन ऐकू येतो. मींड हा तुमच्या वाजवण्याचा जीव असेल तर एकेरी तारा घ्या. जुन्या चित्रपटगीतांचे थरथरते सूर आणि ठेका हेच काम असेल तर जोडतारांशिवाय ती चव येणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी जण धरतात. गायक काळी एकमध्ये गाणारा असेल तर मँडोलिनच्या मोकळ्या तारा (पांढरी पाच, दोन, सहा, तीन) त्याच्या बिलावल थाटाच्या सप्तकात एकही बसत नाही. त्या नुसत्या सहकंपनाने बोलत राहतात आणि पिकअप ते गढूळपण सगळ्यांना ऐकवतो. चारही जोड्या अर्ध्या सुराने उतरवल्या (काळी तीन, एक, चार, दोन) तर चारही मोकळे सूर त्या सप्तकात येतात, आणि पांढरी दोनची बोटं जशीच्या तशी चालतात. ताण साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो, म्हणून एक गेज जाड तारा लावा. चढवू नका, त्याने ताण बारा टक्के वाढतो आणि फळी खचू शकते. तुमच्या बँडची निम्मी गाणी अशा पट्टीत असतील तर एका महाग मँडोलिनपेक्षा अर्धा सूर उतरवून ठेवलेलं दुसरं साधं मँडोलिन जास्त कामाला येईल. हा पर्याय मनापासून विचारात घ्या.

७. दुकानात किंवा जुनं घेताना

स्वतःचा पिक, ट्यूनर, वायर आणि प्रीअँप सोबत न्या. दुकानातल्या अँपवर नव्हे, स्वतःच्या प्रीअँपवरून ऐका. प्रत्येक जोडीवर प्रत्येक फ्रेट वाजवा, बारावीच्या वरचेही. फळीवर स्टीलची पट्टी आडवी धरून ब्रिजखालचा खळगा पाहा. एफ-होलच्या टोकांना तडे, मानेच्या सांध्यात फट आणि जास्त झिजलेल्या पहिल्या पाच फ्रेट हे तीन दोष दिसले तर किंमत कितीही उतरली तरी परत फिरा. नटची रुंदी मोजा. नेहमीची सुमारे २८.५ मिमी असते, बोटं जाड असतील तर ३० मिमीचं पाहा. परदेशातून मागवताना सांगितलेल्या किमतीवर सीमाशुल्क आणि आयजीएसटी लागतो, तो धरूनच तुलना करा. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्या.

८. पहिल्या कार्यक्रमाआधी

साउंडवाल्याला आदल्या दिवशी एका ओळीत कळवा: ‘मँडोलिन, एक चॅनेल, अॅक्टिव्ह डीआय, ४८ व्होल्ट चालू, लो-कट १२०, मॉनिटर एक.’ रवींद्र नाट्यगृहासारख्या बंद सभागृहात वेळ मिळतो. चौकातल्या किंवा कॉलनीतल्या उघड्या मंचावर ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर खास परवानगीशिवाय लाउडस्पीकर चालत नाही. त्यामुळे उशीर झाला की सगळ्यात आधी साउंडचेक कापला जातो. तुमची पट्टी, नॉचची जागा आणि बटणांची स्थिती फोटो काढून ठेवा, म्हणजे दोन मिनिटांत लावता येते.

जनरेटरवर मंडप चालत असेल आणि ‘हूं’ असा आवाज येत असेल तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट (फक्त सिग्नलच्या वायरची अर्थ-जोडणी तोडणारं बटण) दाबा. थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन काढून तो आवाज घालवणारे भेटतात, त्यांना तुमच्या अँपला हात लावू देऊ नका. बिघाड झाला तर तोच प्रवाह तारांमधून तुमच्या बोटांत येतो.

प्रीअँपमध्ये नवी ९ व्होल्टची बॅटरी घाला, आणि खिशात पांढरी तीनच्या दोन तारा ठेवा. कार्यक्रमात तुटते ती बहुतेक वेळा तीच.